गाडीतली बाई काय म्हणते ते विकणाऱ्याला विचारा

पोस्ट लांब आहे. ज्यांच्याकडे जपानहून आलेली जुनी गाडी आहे, म्हणजे ऑकलंडमधल्या आपल्यातल्या निम्म्याहून अधिक घरांनी, चहा घेऊन बसा. ज्यांनी शोरूममधून कोरी गाडी घेतली आहे त्यांनी पुढे सरकलात तरी राग नाही.

रोज सकाळी सात दहाला मी गाडी सुरू करते आणि एक बाई माझ्याशी जपानीत बोलते. "कादो गा सोन्यू सारेते इमासेन." आवाज गोड, अदबशीर. पहिलं वर्षभर आम्हाला वाटायचं ती 'सुप्रभात' म्हणते. सांगलीहून आई आली होती तेव्हा तिने तर ठरवूनच टाकलं की ती प्रवासाला निघताना शुभ बोलते, आणि आई मागच्या सीटवरून हात जोडायची. पुढे कळलं ती काय म्हणते ते. "कार्ड घातलेलं नाही." बस, एवढंच. जपानच्या टोल रस्त्यांवर ईटीसी नावाची यंत्रणा आहे, २००१ पासून देशभर चालू आहे. आपल्याकडच्या फास्टॅगची मोठी बहीण म्हणा. गाडीत एक छोटी डबी असते, तिच्यात कार्ड सरकवायचं, की टोलनाक्यावर फाटक आपोआप उघडतं. न्यूझीलंडमध्ये ती डबी शून्य कामाची. इथले टोल रस्ते मोजून तीन, आणि तिथे कॅमेरा तुमची नंबरप्लेट वाचतो. म्हणजे ती बाई गेली काही वर्षं रोज सकाळी मला एका अशा कार्डाची आठवण करून देते आहे, जे माझ्याकडे कधीच नव्हतं आणि नसणार.

ही झाली गंमत. गमतीसाठी मी एवढं टाइप केलं नसतं.

आता मूळ मुद्दा. ही गाडी मला ज्याने विकली त्याने माझ्याकडून साडेअकरा हजार डॉलर घेतले आणि गाडीत काय काय आहे यातलं एक अक्षर सांगितलं नाही. त्याला माहीत नव्हतं म्हणावं, तर हा माणूस वर्षानुवर्षं हाच धंदा करतो. माहीत होतं म्हणावं, तर मग त्याने जे केलं ते आणखी वाईट. नाव देणार नाही. एकाचं नाव दिलं की बाकीचे सुटतात, आणि मला बाकीच्यांशीच भांडायचं आहे.

थोडं मागे जाऊ. आपण भारतात गाडी घेतो तेव्हा काय असतं? हार, नारळ, पेढे, सहकुटुंब फोटो, आणि तो शर्ट इन केलेला मुलगा अर्धा तास प्रत्येक बटण दाबून दाखवतो. प्लास्टिकच्या पाकिटात जाडजूड पुस्तिका. ती आपण कधी वाचत नाही, पण असते. जपानमधून आलेल्या जुन्या गाड्या महाराष्ट्रात आपण रस्त्यावर पाहिल्याच नाहीत, त्यामुळे हा प्रकारच आपल्याला नवा. इथे मात्र ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून जपानी जुन्या गाड्यांचा लोंढा आहे. १९९८ मध्ये सरकारने गाड्यांवरचं आयात शुल्क काढलं आणि त्याच वर्षी इथले शेवटचे गाडी जोडणी कारखानेही बंद झाले. जपानही डाव्या बाजूने गाडी चालवतो, आपणही. स्टिअरिंग उजवीकडेच. झालं, जहाजं भरून गाड्या. त्यात वाईट काहीच नाही. त्या गाड्यांमुळेच आपल्यासारखी नुकती आलेली माणसं पहिल्या सहा महिन्यांत चार चाकांवर आली. जपानी माणूस गाडी सांभाळतोही चांगली. माझी तक्रार गाडीबद्दल नाहीच, ती मुकी करून विकण्याबद्दल आहे.

मुकी करून म्हणजे कशी ते सांगते.

जपानमधल्या लिलावात प्रत्येक गाडीचा एक तपासणी कागद असतो, ऑक्शन शीट. कुठे ओरखडा, कुठे पोचा, किती किलोमीटर, कोणता ग्रेड. त्यातच गाडीला काय काय लावलेलं आहे त्याच्या खुणा असतात : सनरूफ, अलॉय, लेदर सीट, नॅव्हिगेशन. आणि आणखी एक खूण असते, गाडीसोबत पुस्तिका आहे की नाही आणि सर्व्हिसची नोंदवही आहे की नाही याची. आमच्या गाडीची शीट मी भांडून मागून घेतली, विकत घेतल्यावर दोन वर्षांनी. माझ्या लॅबमध्ये एक जपानी सहकारी आहे, तिला दाखवली. ती म्हणाली, यात लिहिलंय, पुस्तिका आहे, नोंदवहीही आहे. गाडीत मात्र दोन्ही नव्हतं. गेली कुठे? ग्रूमिंगमध्ये. गाडी जहाजातून उतरली की तिला घासूनपुसून चकाचक करतात, सुगंधी फवारा मारतात, आणि ग्लव्ह बॉक्समधला 'जपानी कचरा' काढून टाकतात. दाराच्या कडेला लावलेले तेलबदलाचे स्टिकरही खरवडून काढतात, कारण ते म्हणे जुनाट दिसतं.

त्या स्टिकरवर काय असतं माहीत आहे? तारीख आणि किलोमीटर. तारीख बहुधा जपानी सम्राटाच्या शकात असते म्हणून आपल्याला ती कळत नाही, एवढंच. 'हेइसेई' असेल तर आकड्यात १९८८ मिळवा, 'रेइवा' असेल तर २०१८ मिळवा. हेइसेई २७ म्हणजे २०१५. शालिवाहन शकात ७८ मिळवणाऱ्या आपल्या लोकांना यात अवघड काय आहे? इंजिनजवळ कधीकधी टायमिंग बेल्ट बदलल्याचं स्टिकर असतं, तेही असंच. एक लाख किलोमीटरला बेल्ट बदललाय हे त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि ते स्टिकर ग्रूमिंगमध्ये गेलं की तुम्ही सावधगिरी म्हणून हजारभर डॉलर घालून तोच बेल्ट पुन्हा बदलता. हे आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका कुटुंबाचं झालं आहे. जुना बेल्ट काढल्यावर मेकॅनिक म्हणाला, हा तर अजून नवाच होता.

म्हणजे बघा, शीटमधला जो भाग गाडीची किंमत ठरवतो तो विकणाऱ्याने पैसे देऊन इंग्रजीत करून घेतलेला असतो. जो भाग गाडी *वापरायला* लागतो, तो कचऱ्यात. याला मी निष्काळजीपणा म्हणायला तयार नाही.

आता माझी गोष्ट. ही लिहायला मला दोन वर्षं लागली.

आमची गाडी उंच एसयूव्ही आहे. मॉडेल सांगत नाही, नाहीतर खाली सगळी चर्चा मायलेजवरच जाईल. पहिल्यांदा बघितली तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या मडगार्डवर, बॉनेटच्या कडेशी, एक मुठीएवढा काळा आरसा होता. ओबडधोबड, चामखिळीसारखा. आमच्या ह्यांना तो अजिबात आवडला नाही. विकणाऱ्याला विचारलं हे काय. तो हसला आणि म्हणाला, जपानी लोकांना असलं काहीबाही लावायची हौस असते, हवं तर काढून देतो, फुकट. आम्हाला वाटलं, वा, काय सर्व्हिस आहे! दोन दिवसांनी गाडी मिळाली तेव्हा आरसा नव्हता, तिथे रबराचं एक बूच होतं. फोटोत गाडी झकास दिसत होती. तो फोटो तुमच्यातल्या दीडशे जणांनी लाइक केलाय.

त्यानंतर सात महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी, मी सँडरिंगहॅमला भाजी आणायला निघाले होते. धाकटी तेव्हा दोन वर्षांची. ती आत आजीजवळ आहे असं मी धरून चालले. ती आजीजवळ नव्हती. ती ड्राइव्हवेवर, गाडीच्या डाव्या पुढच्या चाकासमोर उकिडवी बसून खडूने रेघोट्या मारत होती. मी काच बघितली, दोन्ही आरसे बघितले, मागचा कॅमेरा बघितला. कुठेच काही नव्हतं. ब्रेक सोडला. गाडी वीतभर सरकली असेल, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईची किंकाळी आली.

पोरीला काही झालं नाही. तिच्या हातातला खडू चाकाखाली आला. निळा होता. त्याची भुकटी डांबरावर पुढे आठवडाभर होती, पाऊस येईपर्यंत.

आता हे ऐका. महिनाभराने माझी ती जपानी सहकारी आमच्याकडे जेवायला आली. गाडी बघून तिने पहिला प्रश्न विचारला, "तुमचा आरसा कुठे गेला?" मग तिने सांगितलं. उंच गाडीच्या नाकासमोर आणि डाव्या कुशीला, म्हणजे चालकापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, एक आंधळी जागा असते. जपानच्या वाहन नियमांत त्यासाठी एक चाचणी आहे. एक मीटर उंच आणि तीस सेंटिमीटर जाडीचा एक दंडगोल त्या जागेत ठेवला तर तो चालकाला बसल्या जागेवरून दिसला पाहिजे. थेट दिसत नसेल तर आरसा लावा किंवा कॅमेरा लावा. एक मीटर उंच, तीस सेंटिमीटर जाड. लहान मुलाचं माप आहे ते. तो चामखिळीसारखा आरसा कुणाची हौस नव्हती, त्या देशाने लहान मुलांसाठी केलेला नियम होता. कारखान्यातून गाडीसोबत आला होता. आणि तो आम्ही, दिसायला बरं दिसावं म्हणून, फुकटात काढून घेतला.

चूक आमची नाही असं मी म्हणत नाही. ह्यांना तो आवडला नाही, मी मान डोलावली, मूल आत आहे याची खात्री मी केली नाही. हे सगळं माझं. पण ज्या माणसाने "काहीबाही" हा शब्द वापरला, त्याला तो शब्द वापरायचा काय अधिकार होता? माहीत नसेल तर "मला माहीत नाही" म्हणायला पैसे पडतात का? ड्राइव्हवेवर गाडीखाली लहान मुलं येणं हा या देशातला जुना, ओळखीचा प्रश्न आहे. प्लंकेटच्या भेटीत नर्ससुद्धा त्याबद्दल बोलते. आणि त्याच देशात, त्याच प्रश्नावरचा उपाय, स्क्रू काढून पिंपात टाकतात.

दुसरी गोष्ट माझ्या मैत्रिणीची आहे, नेपियरची. तिला विचारून लिहिते आहे.

१४ फेब्रुवारी २०२३. गॅब्रिएल वादळ. रेडक्लिफचं वीज उपकेंद्र पाण्याखाली गेलं आणि नेपियर शहर काही दिवस अंधारात. फोनही बंद. तिच्याकडे तेव्हा सासरे आलेले होते, कोल्हापूरहून, तीन महिन्यांसाठी. त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, रात्री सीपॅप मशीन लावल्याशिवाय झोप नाही. वीज गेली, मशीन बंद. म्हातारा माणूस चार रात्री खुर्चीत बसून होता. सून आणि मुलगा आळीपाळीने जागे. त्या चार रात्रींबद्दल ती अजून नीट बोलत नाही.

दारात गाडी उभी होती. एस्टिमा हायब्रिड. त्या गाडीत कारखान्यातूनच १०० व्होल्टचं, १५०० वॅटपर्यंत चालणारं सॉकेट येतं. घरगुती वीज, गाडीतून. सीपॅपच्या अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेलं असतं, १०० ते २४० व्होल्ट. प्रवासात वापरायचा तो सगळ्या देशांचा प्लग तिच्याकडे होताच, आपल्या प्रत्येकाच्या घरात असतो. गाडी अंगणात मोकळ्यावर उभी करायची, खिडकीतून वायर घ्यायची. सासरे झोपले असते.

मग का नाही केलं? कारण डॅशबोर्डवरच्या बटणावर 'एसी १००व्ही' लिहिलेलं होतं, आणि एसी म्हणजे तिला वाटलं एअर कंडिशनर. हसू नका. तुम्हाला काय वाटलं असतं? गाडी घेतली तेव्हा तिने ते दाबून पाहिलं होतं, गार हवा आली नाही, विकणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ते चालत नसेल, दुसरा एसी आहे ना, तो वापरा. आणि मागच्या बाजूचं ते सॉकेट? झाकणाखाली होतं. झाकण कधी उघडलंच नाही. उघडलं असतं तरी दोन उभ्या फटी बघून तिला काय कळणार होतं? वादळानंतर तीन महिन्यांनी मी गेले होते तेव्हा मी ते झाकण उघडलं. ती बघत राहिली आणि मग अंगणातल्या पायरीवर बसली. मला वाटलं मी उगाच दाखवलं.

(जाता जाता. तुमच्या गाडीत हे सॉकेट असेल तर इथली २३० व्होल्टची किटली किंवा मिक्सर त्याला लावू नका. २००० वॅटची किटली १०० व्होल्टवर पाचवा हिस्साही ताकद देत नाही, चहा व्हायला संध्याकाळ होईल. फ्रिज तर नकोच. ज्या अ‍ॅडॅप्टरवर '१०० ते २४०' छापलंय तेवढंच लावायचं. आणि बंद गॅरेजमध्ये हे कधीही करायचं नाही, हायब्रिड गाडीचं इंजिन मध्येच आपोआप सुरू होतं आणि धूर घरात येतो. जीव जाईल.)

यावर मला आजवर जी उत्तरं मिळाली ती सांगते.

पहिलं : "अहो, जुनी गाडी आहे, एवढ्या पैशात आणखी काय पाहिजे?" मला आणखी काही नकोच आहे. जे आहे ते काय आहे एवढं सांगा. भंगारवालासुद्धा पितळ आणि पत्रा वेगळा करून सांगतो.

दुसरं : "फोनचा कॅमेरा धरा ना, सगळं भाषांतर होतं." होतं की. मी रोज करते. पण फोन शब्द सांगतो, वस्तू सांगत नाही. पॅसेंजरच्या पायाशी एक लाल नळी अडकवलेली असते. आमच्या थोरल्याने ती ओढून काढली आणि विचारलं, दिवाळीची आहे का? ती बिघाड झाला तर रस्त्यात पेटवून ठेवायची धोक्याची मशाल. जपानमध्ये गाडीत असं काहीतरी ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. पाचेक मिनिटं जळते. मुदत चार वर्षांची असते. आमच्या नळीची मुदत केव्हाच संपलेली होती. फोनने त्यावरचे शब्द वाचले, पण हे पोराच्या हाताला लागेल अशा जागी का आहे आणि आता तिचं काय करायचं, हे फोन कसा सांगणार? काही गाड्यांत ती नळी काढून टाकलेली असते आणि नुसती रिकामी खाच उरते. मग लोक त्यात छत्री अडकवायला बघतात.

आणि ज्यावर अक्षरच नाही त्याचं काय? स्टेपनीच्या जागी फोमच्या पेटीत एक छोटा कॉम्प्रेसर आणि एक बाटली असते. बऱ्याच जणांना हे डेझर्ट रोडवर टायर बसल्यावरच कळतं की आपल्या गाडीत स्टेपनी नाहीच. बाटलीतलं रसायन टायरचं भोक बुजवतं, पण तिलाही मुदत आहे, आणि दहा वर्षं जुन्या गाडीत ती बाटली कोणी बदललेली असण्याची शक्यता किती?

तिसरं उत्तर आपल्याच लोकांचं, आणि याचाच मला जास्त राग येतो : "चालतंय ना? मग झालं." हे आपलं राष्ट्रीय ब्रीदवाक्य. आपण तीनशे डॉलरसाठी दीड तास घासाघीस करतो, मॅट फुकट मागतो, टाकी फुल करून मागतो. पण डॅशबोर्डवरची सात अनोळखी बटणं बघून एकदाही विचारत नाही, हे काय आहे हो? लाज वाटते. आपल्याला कळत नाही हे कळलं तर? मग घरी येऊन ग्रुपवर फोटो टाकतो आणि दहा जण दहा उत्तरं देतात. "ते टर्बोचं आहे." "ते हीटरचं." "दाबू नका, इंजिन लॉक होईल." एकाने परवा बंपरच्या कोपऱ्यातून वर येणाऱ्या दिव्याच्या काठीला अँटेना म्हणून सांगितलं. भाऊ, ती कॉर्नर पोल आहे. बटण दाबलं की डाव्या कोपऱ्यातून वर येते, म्हणजे चालकाला आपल्या गाडीचा लांबचा कोपरा कुठे संपतो ते कळतं. अरुंद गल्लीत गाडी घालणाऱ्या जपानी आजीआजोबांसाठी केलेली सोय. पार्किंग शिकणाऱ्यांसाठी सोन्यासारखी.

रेडिओचं तर सांगायलाच नको. जपानचा एफएम ७६ पासून सुरू होतो आणि जुन्या सेटवर ९० ला संपतो, इथला ८८ ते १०८. म्हणून तुमच्या गाडीत दोनच स्टेशनं लागतात, रेडिओ खराब नाहीये. बँड एक्स्पांडर नावाची छोटी डबी मिळते, ती बसवली की लागतात, फक्त आकडे चुकीचे दिसतात. यासाठी कुणाला नवा सेट घ्यायला लावत असतील तर निदान कारण तरी विचारा.

कायद्याचं बोलू. इथे व्यापाऱ्याने जुनी गाडी विकायला ठेवली की काचेवर एक माहितीपत्रक लावावं लागतं, कन्झ्युमर इन्फॉर्मेशन नोटीस. २००८ च्या नियमांनी ते सक्तीचं आहे. त्यात किंमत, वर्ष, किलोमीटर, गाडी आयातीच्या वेळी नुकसान झालेली होती का, असं सगळं असतं. चांगली गोष्ट आहे. पण सुरक्षेसाठी कारखान्यातून आलेली कोणती उपकरणं गाडीत आहेत आणि कोणती काढली, यासाठी त्यात रकाना नाही. का नाही? जो देश लाखो गाड्या परक्या भाषेत आणतो, त्याला हे सुचू नये? २०१८ मध्ये टाकाटाच्या अल्फा प्रकारच्या एअरबॅग सरकारला सक्तीने परत बोलवाव्या लागल्या, सुमारे ५०,००० गाड्या. त्यातल्या कित्येक अशाच जपानहून आलेल्या. तेव्हा सगळ्यांना अचानक कळलं की गाडीत कारखान्याने काय बसवलंय हे माहीत असणं जीवनमरणाचा प्रश्न असू शकतो. मग पुन्हा विसरलो.

मला काय हवंय? एक पान. फक्त एक पान, इंग्रजीत. या गाडीत ही ही बटणं आहेत, ही इथे चालतात, ही चालत नाहीत, आम्ही हे हे काढलं. काढलेलं असेल तर का काढलं. विकणाऱ्याला यासाठी अर्धा तास लागेल. चासी नंबरवरून गाडी कारखान्यातून कोणत्या सामानासह निघाली ते शोधता येतं, त्यांच्याकडे ती साधनं आहेत, पार्ट मागवायला ते रोज तेच करतात. टोयोटाच्या डीलरने मागाहून बसवलेल्या अस्सल वस्तूचा पार्ट नंबर ०८ ने सुरू होतो, एवढं तर वस्तूच्या पाठीवरच छापलेलं असतं. जपानी कंपन्या आपल्या वेबसाइटवर जुन्या मॉडेलच्या पुस्तिका फुकट ठेवतात. अर्ध्या तासाच्या कामासाठी साडेअकरा हजारांतून वेळ निघत नसेल तर धंदा बंद करा.

आणि जोपर्यंत ते पान देत नाहीत तोपर्यंत आपण मागायचं, सही करायच्या *आधी*. ईमेलवर मागायचं, तोंडी नाही. "या बटणाचं काम काय" याचं लेखी उत्तर चुकीचं आलं तर १९८६ चा फेअर ट्रेडिंग अ‍ॅक्ट आहे, दिशाभूल करता येत नाही. व्यापाऱ्याकडून घरगुती वापरासाठी घेतली असेल तर १९९३ चा कन्झ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्टही आहे, "जशी आहे तशी विकली" असं म्हणून त्यातून सुटता येत नाही. मोटर व्हेइकल डिस्प्यूट्स ट्रिब्युनलकडे एक लाख डॉलरपर्यंतचे दावे नेता येतात. ओळखीच्या माणसाकडून खाजगीत घेतली तर मात्र यातलं बरंचसं लागू नाही, तिथे तुम्ही आणि तुमचं नशीब.

आमच्या आरशाचं काय झालं ते राहिलं. पापाकुरातल्या एका व्रेकरकडे तसलाच मिळाला, साठ डॉलरला. रंग जुळत नाही, आमची गाडी पांढरी आणि आरसा गडद निळा. ह्यांनी स्वतः बसवला, काही बोलले नाहीत. आता शाळेच्या पार्किंगमध्ये एखादा विचारतो, हे काय लावलंय, काढून टाका ना. त्यांना मी धाकटीला आरशासमोर उभी करून दाखवते. ती आता पाच वर्षांची आहे, तिला हे काम फार आवडतं.

येत्या रविवारी दुपारी दोनपासून मी आणि माझी लॅबमधली सहकारी आमच्या घरी आहोत. ज्यांना आपल्या गाडीतलं काही कळत नाही त्यांनी गाडी घेऊन या, पत्ता इनबॉक्समध्ये देते. येणं जमत नसेल तर फोटो पाठवा, पण नुसत्या बटणाचा जवळून काढलेला नको. एक लांबून, आजूबाजूचं दिसेल असा. एक जवळून, अक्षरं वाचता येतील असा. आणि एक इंजिनच्या खणातल्या पत्र्याच्या पट्टीचा, जिच्यावर मॉडेल कोड आणि चासी नंबर असतो. तो तिसरा मला इनबॉक्सलाच पाठवा, कमेंटमध्ये टाकू नका. आणि दाराच्या कडेला जपानी स्टिकर असेल तर मी बघेपर्यंत कृपा करून खरवडू नका.